नऊ चहा आणि लपवलेला डबा

ताई, नमस्कार.

वय 53. मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. दिवसाला नऊ चहा होतात, मोजलेत. पहाटे पाचचा मी स्वतः करतो. घर झोपलेलं, बाहेर अंधार. आलं ठेचताना आवाज होऊ नये म्हणून खलबत्त्याखाली फडकं घेतो. म्हशीचं दूध, कडक पूड, मग दारातल्या पायरीवर बसून बशीत ओतून पितो. संध्याकाळी साडेसहाचा रंकाळ्यावर, शाळेतल्या दोस्ताबरोबर. तीस वर्षं झाली. तो फार बोलत नाही, मीही बोलत नाही. पाण्याकडं बघत ग्लास संपवतो आणि घरी जातो. बाकीचे सात असेच होतात: नाश्त्याला एक, यार्डात चार, दुपारी जेवण झालं की एक, रात्री नऊला एक.

दसऱ्याला सोडला होता. दुसऱ्या दिवशी दुपारपासून डोकं ठणकायला लागलं, दुकानात एका शेतकऱ्यावर उगीच खेकसलो, तिसऱ्या दिवशी हरलो आणि परत सुरू. तेव्हापासून बायकोनं चहापुडीचा डबा लपवलाय. नाश्त्याचा, दुपारचा, रात्रीचा ती करून देते, पण पहाटेचा बंद झाला. मीही तिला जास्त काही बोलत नाही, कारण तिची तब्येत नरम असते. हिमोग्लोबिन 9.4 आलंय, लोहाच्या गोळ्या चालू आहेत, सकाळी चहाबरोबर न चुकता घेते. मुलगी पुण्यात शिकते. ती फोनवर म्हणते, "बाबा, हे व्यसन आहे. आणि चहा आपला नाहीच, इंग्रजांनी लावलेली सवय आहे." तिनं घरी ग्रीन टीचं पाकीट पाठवलंय.

ताई, खरंच व्यसन आहे का? सोडावा का?

– एक चहाभक्त, कोल्हापूर

दादा, नमस्कार.

तुम्ही विचारलंय व्यसनाबद्दल, पण मी आधी एका वेगळ्याच ओळीबद्दल बोलणार आहे. ती तुम्ही जाता जाता लिहून गेलात. वहिनी लोहाची गोळी चहाबरोबर घेतात. दादा, हे आजच थांबवा.

चहातली तुरट द्रव्यं लोहाला धरून ठेवतात आणि ते आतड्यातून रक्तात नीट जात नाही. जेवणाबरोबर चहा घेतला तर भाकरी, डाळ, पालेभाजी यांतल्या लोहाचं शोषण निम्म्याहून खाली येऊ शकतं. मटणातल्या लोहाला चहाचा अडथळा कमी होतो, पण रविवारच्या तांबड्या-पांढऱ्यावर सगळा आठवडा निघत नाही. गोळीचं भाकरीसारखंच होतं, आणि तिथं दुधातलं कॅल्शियमही आडवं येतं. म्हणजे वहिनी इतक्या नेमानं गोळी घेतायत आणि तिचा बराच भाग वाया जातोय. बाईमाणसाचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. 9.4 म्हणजे जिना चढताना त्यांना धाप लागत असेल, संध्याकाळी पाय ओढत त्या स्वयंपाकाला उभ्या राहत असतील. तब्येत नरम असते असं तुम्ही लिहिलंय त्याच्यामागं हे असू शकतं.

गोळी साध्या पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर घ्यायची. लिंबातल्या क जीवनसत्त्वानं लोह शोषायला मदत होते. चहा आणि गोळी यांच्यात निदान तासाभराचं अंतर ठेवा, दोन तास जमले तर उत्तम. जेवणाचंही तसंच आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. जेवणाआधी तासभर आणि जेवणानंतर तासभर चहा-कॉफी नको, असं त्यांत स्पष्ट म्हटलंय. तुमच्याकडं दुपारी हात धुतले की चहा येतो. तो तुमच्यापेक्षा वहिनींना महाग पडतोय. लेकीनं प्रेमानं पाठवलेल्या ग्रीन टीनं हा प्रश्न सुटत नाही. ती त्याच झाडाची पानं आहेत, आणि तुरट द्रव्यं त्यांतही भरपूर असतात.

माझं म्हणणं असं की गोळी सकाळी अकराला घ्यावी. नाश्ता जिरलेला असतो, जेवण लांब असतं. डॉक्टरांना एकदा विचारून मगच वेळ बदला, आणि त्याच खेपेला हिमोग्लोबिन मुळात उतरलं कशानं हेही विचारून या. गोळ्या चालू झाल्या की हा प्रश्न बहुतेक घरांत राहूनच जातो.

आता तुमच्याकडं येते.

दसऱ्यानंतर डोकं ठणकलं त्याची लाज वाटून घेऊ नका. कॅफीन रोज घेणाऱ्यानं ते एकदम बंद केलं की 12 ते 24 तासांत डोकेदुखी सुरू होते, एक-दोन दिवसांत ती सगळ्यात जास्त असते, आणि मग उतरत उतरत आठ-नऊ दिवसांत जाते. कॅफीनमुळं डोक्यातल्या रक्तवाहिन्या थोड्या आवळलेल्या राहतात. ते बंद झालं की त्या सैल होतात आणि कपाळ धडधडायला लागतं. चिडचिडही त्यातलीच. तुम्ही ज्या दिवशी हरलो असं लिहिलंय तो नेमका सगळ्यात कठीण दिवस होता. त्या शेतकऱ्याला मात्र यार्डात पुन्हा भेटाल तेव्हा दोन शब्द गोड बोला, चहा पाजा.

शरीराला सवय लागलीय, एवढं खरं. व्यसन म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं येतो तो पगार खाणारा, घरात खोटं बोलायला लावणारा प्रकार. तुम्ही तर कप मोजून मला कळवलेत. डॉक्टर मंडळीसुद्धा इथं जपून बोलतात. मानसिक आजारांची जी अमेरिकी सूची जगभर वापरतात तिच्या 2013 च्या आवृत्तीत कॅफीन सोडताना होणारा त्रास घेतलाय, पण कॅफीनच्या व्यसनाला अजून पक्का आजार म्हटलेलं नाही, आणखी अभ्यास हवा असं म्हटलंय. तेव्हा लेकीचा शब्द थोडा जड पडला. काळजी बरोबर आहे, शब्द जड आहे.

कारण हिशेब मांडला तर नऊ चहा जास्तच होतात. दिवाणजी आहात, आकडे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले कळतील. त्याच मार्गदर्शक तत्त्वांत 150 मिलीच्या एका चहात 30 ते 65 मिलीग्रॅम कॅफीन धरलंय आणि दिवसाला 300 च्या वर जाऊ नका म्हटलंय. पहाटेचा धरून घरचे तुमचे चार कप पुरे, बाहेरचे पाच मी निम्मे धरते. हलका चहा असेल तर बेरीज 195 च्या आसपास, कडक असेल तर 420 च्या जवळ. पूड तर तुम्हीच कडक लिहिलीय.

साखरेचा हिशेब त्याहून वाईट आहे. घरच्या कपात दोन चमचे, गाड्यावरच्या ग्लासात चमचाभर धरली तरी दिवसाचे तेरा चमचे, म्हणजे पन्नास ग्रॅमच्या पुढं. दोन हजार कॅलरी खाणाऱ्या माणसाला वरून घातलेली गोडी पन्नास ग्रॅमच्या आत आणि शक्यतो पंचवीसच्या आसपास असावी, असं जागतिक आरोग्य संघटना 2015 पासून सांगतेय. तुमची ती चहातच संपते, जेवण वेगळंच. आणि गुळाच्या पेढीवरच्या माणसाला हे सांगताना जीभ जरा अडखळते, पण कोल्हापुरी गूळ कितीही गुणाचा असला, 2014 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं असलं, तरी चहात तो साखरेसारखाच मोजायचा. चवीसाठी जरूर घाला. तेव्हा दूध आणि गूळ एकत्र उकळू नका. आधी आधणात गूळ विरघळवा, गॅस बंद करा आणि मग गरम दूध ओता, म्हणजे गुळाच्या आंबटपणानं ते फाटणार नाही. घरच्या चहात पहिल्या आठवड्यात अर्धा चमचा कमी करा, पंधरा दिवसांनी आणखी अर्धा. जिभेला तेवढा वेळ पुरतो.

मात्र चहा सोडा असं मी तुम्हाला सांगणार नाही. त्याचं कारण तुमच्याच पत्रात आहे. नऊ कप मोजलेत, पण वर्णन किती कपांचं केलंत? दोनांचं. पहाटेचा आणि रंकाळ्यावरचा. त्या दोन कपांत अंधार आहे, ओट्यावरचं फडकं आहे, तळ्याचं पाणी आहे, तीस वर्षांचा न बोलणारा दोस्त आहे. बाकीच्या सातांना तुम्ही एका ओळीत गुंडाळलंत. तुमची भक्ती ज्याला म्हणायची ती त्या दोन कपांत आहे. सात जण नुसते रांगेत घुसलेत.

आणि डबा लपवल्यानं बंद काय पडलं? पहाटेचा. आठ चालू आहेत आणि जो एक खरा होता तोच गेला. वहिनींनी काळजीपोटी केलं, त्यांना ठाऊक नव्हतं की नेमका कुठला कप जातोय. तुम्ही त्यांना हे कधी सांगितलंय का? पायरीवरच्या त्या पंधरा मिनिटांबद्दल तुम्ही मला, अनोळखी बाईला, इतकं सुंदर लिहिलंत. आज रात्री तेवढंच त्यांना सांगा.

लेकीच्या दुसऱ्या म्हणण्याला मात्र मी जरा सविस्तर उत्तर देणार आहे. चहा आपला नाहीच, असं ती म्हणते. निम्मं खरं आहे. झाड आसामातलंही आहे, तिथले सिंगफो लोक ते आधीपासून वापरत होते. 1823 मध्ये ते रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश व्यापाऱ्याच्या पाहण्यात आलं आणि 1839 च्या जानेवारीत आसामचा चहा पहिल्यांदा लंडनच्या लिलावात गेला. मळे साहेबांचे, मजूर आपले. माल वाढला तशी गिऱ्हाइकं हवी होती. 1903 मध्ये चहावर उपकर बसवला गेला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार चालला. पुढं स्टेशनांवर, कारखान्यांत जाऊन लोकांना चहा पाजून सवय लावली गेली. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला आसामातच पत्ती चिरडून, फाडून, गोळ्या वळणारं सीटीसी यंत्र आलं. थोड्या पुडीत लाल, कडक रंग उतरायला लागला, आणि गाड्यावरचा स्वस्त चहा त्यावर उभा राहिला. आपल्या डब्यातली दाणेदार पूड तीच. इथपर्यंत लेक बरोबर आहे.

पण पूड आपल्या हातात आल्यावर आपण तिचं काय केलं, हेही तिला सांगा. ती पुण्यात आहे ना, मग पंचहौद मिशनपासून सुरुवात करा. तिथं 1890 मध्ये टिळक, रानडे आणि आणखी बरीच मंडळी एका समारंभाला गेली. मिशनऱ्यांच्या हातचा चहा-बिस्किटं पुढं आली आणि त्यावरून शहरात केवढं रान उठलं. ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्ताची वेळ आली. एका कपासाठी. चहा कुणाच्या हातचा प्यायचा हा त्या काळी धर्माचा प्रश्न होता.

आणि मग आपल्या गावाची गोष्ट सांगा. शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे कामाला होते. वरच्या जातींच्या पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज तेव्हा कोल्हापुरात नव्हते. परतल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना म्हणाले, चाकरी सोड, स्वतःचा धंदा कर. पैसे दिले. भाऊसिंगजी रोडवर गंगारामांचं चहाचं हॉटेल निघालं, नाव सत्यसुधारक. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गावातला सवर्ण फिरकेना. तेव्हा महाराज लवाजमा घेऊन त्या दारात गाडी थांबवू लागले, भर रस्त्यात गंगारामांच्या हातचा चहा मागवू लागले. स्वतः घ्यायचे आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही द्यायला लावायचे. छत्रपतींनी पुढं केलेला कप नाकारणार कोण? पुढं त्यांनी सोडावॉटरचं यंत्रही गंगारामांना घेऊन दिलं. 1922 मध्ये महाराज गेले, म्हणजे या गोष्टीला शंभर वर्षं होऊन गेली. कायद्यानं जे पटकन झालं नसतं ते एका राजानं रोजच्या चहानं करायला घेतलं.

दादा, ज्या गावात हे घडलं तिथला माणूस चहाला परका म्हणू शकत नाही. मी भाऊसिंगजी रोडवरून जाते तेव्हा अजूनही गाडी थांबल्याचा भास होतो. तुमच्या लेकीला दिवाळीत घरी आल्यावर त्या रस्त्यानं चालत न्या आणि हे तिथंच सांगा.

राहिला यार्डाचा प्रश्न. चार चहा तिथं होतात आणि मला ठाऊक आहे की आलेल्या शेतकऱ्याला चहा न विचारणं म्हणजे त्याला उठून जा म्हटल्यासारखं आहे. सौदे चालू असताना तर पोऱ्या किटली घेऊन फिरतच असतो. 'आत्ताच झाला' हे एकदा चालतं, चौथ्यांदा समोरच्याला वाईट वाटतं. तर आपल्याकडची जुनी रीत पुन्हा काढा. एक चहा मागवायचा, कपबशीतून. कप पाहुण्यापुढं, बशीतला आपल्याला. माझी आजी शिवाजी पेठेत दारात आलेल्या प्रत्येकाबरोबर असाच प्यायची, आणि 'पुरा कप का प्यायली नाहीस' म्हणून कुणी तिला कधी विचारलं नाही. मान दोघांचा राहतो, तुमच्या पोटात दोन घोट जातात. कागदी कप आले आणि ही सोय गेली. दुकानात चार कपबश्या आणून ठेवा, खर्च मालकाला जड जाणार नाही. बशीचा आणखी एक गुण आहे. 65 अंशांच्या वरची कढत पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2016 मध्ये म्हटलंय. बशीत ओतलं की चहा लगेच निवतो. आपल्या म्हाताऱ्यांना अंश मोजता येत नव्हते, पण फुंकर घालायचं कळत होतं.

दुपारचा जेवणानंतरचा कप घरातून काढूनच टाका, दोघांसाठीही. रात्री नऊचाही. कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. नऊला घेतलेला चहा मध्यरात्रीनंतरही अंगात जागा असतो, आणि मग पहाटे पाचला उठणाऱ्या माणसाची झोप होणार कधी? त्या वेळेला हात रिकामा वाटतो हे खरं आहे, म्हणून गवती चहाची दोन पाती आणि आलं उकळून घ्या, हवं तर गुळाचा लहान खडा घाला. ते गवत आहे, त्यात कॅफीन नसतं. परसात किंवा कुंडीतही ते सहज येतं.

सगळं एका दिवशी करू नका, नाहीतर दसऱ्याचीच पुनरावृत्ती होईल. आधी नऊचा बंद करा, तीन-चार दिवस जाऊ द्या, मग दुपारचा, मग यार्डात बशी.

पहाटे पाचचा परत सुरू करा. डबा मागून घ्या, स्वतः शोधू नका. पायरीवरचा तो एक कप पुरा, एकट्याचा, कुणाला वाटा न देता. वहिनी सहाला उठत असतील तर त्यांचा चहा रोज तुम्ही करा, आणि त्यातला अर्धा तुम्ही घ्या. नाश्त्याचा चहा आता हाच, म्हणजे नाश्त्यातलं लोह त्यांच्या अंगी लागेल. त्यांच्यासाठी आलं ठेचताना फडकं घ्यायची गरज नाही, त्या आवाजानं उठल्या तरी चालतील. मी पुन्हा बेरीज केली: पाचचा पुरा, सहाचा अर्धा, यार्डातल्या चार बश्या आणि रंकाळ्यावरचा ग्लास. कडकातला कडक धरला तरी दोनशेच्या आत बसतं. रंकाळ्यावरच्या ग्लासाला मी हात लावलेला नाही. तीस वर्षांच्या दोस्ताकडून कुणी अर्धा कप मागू नये.

आणि अकराला यार्डात किटली आली की बशी उचलायच्या आधी घरी एक फोन करा. गोळी घेतली का, पाण्याबरोबरच घेतली ना, एवढंच विचारा. रोज. तीनेक महिन्यांनी डॉक्टर पुन्हा रक्त तपासायला सांगतील, तेव्हा तुमचंही साखरेसाठी देऊन या. वहिनींच्या हिमोग्लोबिनचा आकडा मात्र मला कळवा. मी वाट बघते.